घोडं पेंड कुठे खातंय, ते आधी बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पुण्यात हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत मी टीम लीड आहे. टीम नऊ जणांची : सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि मी. क्लायंट जर्मनीतली विमा कंपनी आहे. आम्ही स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीचे टप्पे पाडून काम करतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (असा एक टप्पा), रोज दहाला स्टँडअप (रोजची छोटी बैठक), प्लॅनिंग, डेमो, रेट्रो (टप्प्याअखेरचा आढावा), सगळं वेळच्या वेळी होतं. सहा महिन्यांत आमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपलेल्या कामाचे पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) ३४ वरून ५२ पॉइंटवर गेली, तरी क्लायंट म्हणतो की तुम्ही आधीइतकंच देता. ते खोटंही नाही. तेव्हा स्प्रिंटला सात स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या गरजेनुसार पाडलेले कामाचे तुकडे) पूर्ण व्हायच्या, आजही सातच होतात. आम्ही चौदा घेतो, त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळ्या सुरू होतात आणि निम्म्या पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलाव्या लागतात. शेवटचे दोन दिवस टेस्टर रात्री दहापर्यंत बसतात. स्टँडअप पाऊण तास चालतो, रेट्रोमध्ये कुणी तोंड उघडत नाही. क्लायंटचा प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा माणूस) फक्त गुरुवारी एक तास भेटतो. मॅनेजर चार टीमची व्हेलॉसिटी एका एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावतात. स्क्रम सोडून कानबान (बोर्डवर कामाची कार्डं लावून, एका वेळी सुरू असलेल्या कामाला मर्यादा घालणारी पद्धत) घ्यावं, स्प्रिंट तीन आठवड्यांचा करावा, की वेगळा स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते ना हे बघणारा माणूस) मागावा?

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेव्हा सात स्टोऱ्या, आजही सात. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी एका स्टोरीमागे सरासरी पाचेक पॉइंट पडायचे, आता साडेसातच्या आसपास पडतात. टीमचा वेग तेवढाच आहे, मोजायची पट्टी तेवढी आखूड झाली आहे.

यात कुणी लबाडी केली असं मुळीच नाही. एस्टिमेशनच्या वेळी, म्हणजे आकडे लिहिलेले पत्ते दाखवून पॉइंटचा अंदाज सांगताना, पाच की आठ अशी शंका येते, तेव्हा मॅनेजरांचं एक्सेल सगळ्यांना आठवतं आणि हात आठच्या पत्त्याकडे जातो. दर वेळी एवढंसंच, पण सहा महिन्यांत त्याचे ५२ होतात. एखाद्या आकड्याला उद्दिष्ट केलं की तो मोजमापाच्या कामाचा राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं निरीक्षण आहे. मूळ मुद्दा त्यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल मांडला होता, पण स्टोरी पॉइंटला तो तंतोतंत लागू पडतो. स्टोरी पॉइंट हा शब्द स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत, नाहीसुद्धा. पॉइंट बहुधा आपणच काढले आणि तसं असेल तर आता त्याबद्दल वाईट वाटतं, असं रॉन जेफ्रीज यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जेफ्रीज म्हणजे २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला जमून अजाइल (लहान टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या विचाराचा) जाहीरनामा लिहिणाऱ्या सतरा जणांपैकी एक. त्या जाहीरनाम्यातही स्प्रिंट, स्टँडअप किंवा व्हेलॉसिटी यांचा उल्लेख नाही, हे सहज जाता जाता.

आता तुमचे तीन पर्याय. स्प्रिंट तीन आठवड्यांचा केलात तर चौदाऐवजी वीस-एकवीस स्टोऱ्या घ्याल, टेस्टिंगचा ढीग दीडपट होईल आणि क्लायंटला चूक दाखवायला आणखी एक आठवडा थांबावं लागेल. हा पर्याय सोडून द्या. वेगळा स्क्रम मास्टर मिळाला तर तुमच्या डोक्यावरचा भार थोडा हलका होईल, पण चौदा स्टोऱ्या त्याच्याही चौदाच राहतील. कानबानचा विचार त्यातल्या त्यात बरा आहे. मात्र बोर्डचं नाव बदलून रकाने तेच ठेवायचे असतील, तर ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल. तिन्ही पर्यायांमागे एक गृहीतक आहे : पद्धत चुकली आहे, म्हणून काम अडतंय. काम नेमकं कुठे अडतंय हे मात्र पत्रात कुठेच नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नाही.

थोडं गणित करू. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचा एक साधा नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी जितक्या गोष्टी आहेत, त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या सरासरी संख्येने भागलं, की एका गोष्टीला लागणारा सरासरी वेळ मिळतो. तुमच्याकडे दहा कामाच्या दिवसांत सात स्टोऱ्या बाहेर पडतात, म्हणजे रोज ०.७. रांगेत आहेत चौदाच्या आसपास. १४ भागिले ०.७ म्हणजे २० दिवस. एका स्टोरीला सरासरी वीस कामाचे दिवस लागतात आणि स्प्रिंट आहे दहा दिवसांचा. मग निम्म्या स्टोऱ्या ढकलाव्या लागतात यात नवल काय? माणसं तीच, वेग तोच ठेवून एका वेळी फक्त सहा स्टोऱ्या सुरू ठेवल्या, तर ६ भागिले ०.७ म्हणजे साडेआठ दिवस. ही सरासरी आहे आणि येणारं-जाणारं काम साधारण सारखं असेल तरच ती लागू पडते, त्यामुळे साडेआठचा हट्ट धरू नका. दिशा मात्र पक्की आहे.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. फक्त नोंदी ठेवा. जिरा या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा 'टू डू', 'इन प्रोग्रेस', 'टेस्टिंग' आणि 'डन' असे रकाने असतील. त्यात थांबलेलं काम दिसत नाही. रिव्ह्यूसाठी, म्हणजे दुसऱ्या डेव्हलपरने कोड तपासावा म्हणून, पडून असलेली स्टोरीही 'इन प्रोग्रेस'मध्येच असते आणि टेस्टरने हातसुद्धा न लावलेली स्टोरी 'टेस्टिंग'मध्ये झोपलेली असते. म्हणून 'रिव्ह्यूच्या रांगेत' आणि 'टेस्टिंगच्या रांगेत' असे दोन रकाने वाढवा. क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलेल्या कार्डावर लाल खूण करा आणि प्रत्येक कार्ड कुठल्या रकान्यात किती दिवस होतं ते लिहा. उदाहरणादाखल, पॉलिसीधारकाचा पत्ता बदलण्याची एक स्टोरी घ्या. कोडिंग तीन दिवस, रिव्ह्यूची वाट दोन, टेस्टिंगची वाट चार, टेस्टिंग एक, आणि 'जुन्या पत्त्यावर पत्र पाठवायचं का?' या एका प्रश्नाचं उत्तर गुरुवारी मिळेपर्यंत आणखी दोन. एकूण बारा दिवस, त्यात खरं काम चार दिवसांचं. अशी पाच-सहा कार्डं शेजारी शेजारी ठेवलीत की घोडं कुठे पेंड खातंय ते सगळ्यांना दिसेल. तुम्हाला कुणाला काही पटवून द्यावं लागणार नाही, हा त्यातला मोठा फायदा.

माझा अंदाज असा की सहा डेव्हलपरमागे दोन टेस्टर आणि स्प्रिंटच्या सातव्या-आठव्या दिवशी एकदम हाती येणारा कोड, हीच खरी अडचण निघेल. टेस्टर रात्री दहापर्यंत बसतात ते हळू आहेत म्हणून नाही. पहिले सहा दिवस त्यांच्या हातात टेस्ट करण्यासारखं काही नसतं, आणि मग सगळं एकाच दिवशी येऊन आदळतं.

तिसऱ्या आठवड्यापासून मर्यादा घाला. डेव्हलपमेंटमध्ये तीन, रिव्ह्यूमध्ये रांगेसकट एक, टेस्टिंगमध्ये रांगेसकट दोन, एकूण सहा. हे आकडे सुरुवातीचे आहेत, महिन्याभराने टीमने मिळून बदलावेत. पुढच्या प्लॅनिंगला नव्या चौदा घेऊ नका. आधीच्या ज्या सात उरल्या असतील त्या आधी संपवा, आणि सहाच्या आत जागा होईल तसतशी वरून एकेक नवी ओढा. क्लायंटचं यात काहीच जात नाही, कारण त्याला तशाही सातच मिळत होत्या.

पहिल्याच बुधवारी एक डेव्हलपर येऊन म्हणेल, "सर, माझं झालं, पुढचं घेऊ का?" डेव्हलपमेंटची जागा भरलेली असेल. त्या क्षणी तुम्ही काय म्हणता, यावर हा सगळा प्रयोग अवलंबून आहे. "घे, एवढं एकदाच" म्हणालात तर मर्यादा संपलीच म्हणून समजा. त्याला बोर्डच्या उजवीकडे, म्हणजे संपत आलेल्या कामाकडे पाठवा. रिव्ह्यू पडला असेल तर तो करायचा. नसेल तर टेस्टरजवळ बसून टेस्ट डेटा तयार करायचा किंवा हाताने होणाऱ्या तपासणीपैकी एखादी ऑटोमेट करायची. तेही नसेल तर चालू स्टोरीवर दुसऱ्यासोबत जोडीने बसायचं. सहा डेव्हलपर आणि तीन स्टोऱ्या म्हणजे जोड्या आपोआप पडतातच. टाइमशीटची काळजी करू नका. तास त्याच प्रोजेक्टवर पडतात, बिलिंगला धक्का लागत नाही. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांत माणूस मोकळा दिसला की वरच्यांच्या पोटात गोळा येतो, हे खरं आहे. पण रिकामा माणूस आठ तासांत भरून निघतो, अर्धवट पडलेली स्टोरी चार आठवडे पडून राहते. पळवाटाही ठाऊक असू द्या : 'ब्लॉक्ड' नावाचा रकाना काढून त्यात कार्डं लपवणं, किंवा स्टोरी मोजायला नको म्हणून तिच्या पोटात सबटास्क भरणं. अडलेलं कार्डही मर्यादेत मोजा. ते बोचलं पाहिजे, तरच कुणीतरी ते सोडवायला उठेल.

यासोबत स्टोऱ्या लहान करणं आलंच, आणि इथे बहुतेक टीम चुकतात. पत्ता बदलण्याची स्टोरी फोडायला सांगितली की डेटाबेस, एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन यांना जोडणारा भाग) आणि स्क्रीन असे तीन तुकडे पडतात. असं फोडून काही उपयोग नाही. तिन्ही झाल्याशिवाय टेस्टरला तपासता येत नाही आणि क्लायंटला दाखवता येत नाही. केक आडवा कापलात तर एकाच्या ताटात नुसतं क्रीम पडतं. उभा कापा. पहिला तुकडा : एकच पॉलिसी असलेला ग्राहक, कागदपत्रं न लागणारा बदल, स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत पूर्ण. दुसरा : पुराव्याचं कागदपत्र अपलोड करणं. तिसरा : एकाच ग्राहकाच्या अनेक पॉलिसी. चौथा : बदल झाल्याचं पत्र. पहिला तुकडा तिसऱ्या दिवशी टेस्टरच्या हातात पडतो. कदाचित क्लायंट म्हणेल की चौथा तुकडा आत्ता नकोच, पत्रं दुसरी सिस्टीम पाठवते. एक तुकडा दोन-तीन दिवसांत टेस्टरपर्यंत पोहोचत नसेल तर तो अजून मोठा आहे. सगळे तुकडे साधारण सारख्या आकाराचे झाले की पॉइंट देण्याची गरजही कमी होते, नुसती संख्या मोजली तरी पुढचा अंदाज येतो.

स्टोरी सुरू करण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि तुम्ही किंवा बिझनेस ॲनालिस्ट यांनी वीस मिनिटं बसून 'ही झाली हे कशावरून ओळखायचं' याची तीन-चार ठोस उदाहरणं लिहावीत. "मुंबईचा पिनकोड टाकला तर नाकारायचा, कारण पत्ता जर्मनीतला हवा", इतकी ठोस. टेस्टरला पहिले सहा दिवस काम नसण्याची तक्रार इथेच निम्मी मिटते. 'झालं'चा अर्थही एकदाच ठरवून बोर्डवर लिहा : रिव्ह्यू झाला, ऑटोमेटेड टेस्ट पास, टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर चढलं, टेस्टरने तपासलं. माझ्या मशीनवर चालतंय, ही त्यातली पायरी नाही.

रिव्ह्यूबद्दल एवढंच : दोन-तीनशे ओळींपेक्षा मोठा पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) कुणीही नीट वाचत नाही, लोक 'एलजीटीएम' ('लुक्स गुड टू मी', म्हणजे 'मला ठीक वाटतंय') टाकून मोकळे होतात. लहान तुकडे झाले की हाही प्रश्न बराचसा सुटतो.

स्टँडअपचा हिशेब करून बघितलात का? नऊ माणसं, पाऊण तास, दहा दिवस : साडेसदुसष्ट तास. आठ तासांचा दिवस धरला तर एका स्प्रिंटमध्ये माणसाचे जवळजवळ साडेआठ दिवस. स्क्रम गाइडमध्ये यासाठी पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले गेले. तुमच्याकडे ते बहुधा अजून चालू असतील, कारण प्रत्येक जण तुमच्याकडे किंवा मॅनेजरांकडे बघून हजेरी देत असेल. माणसांची पाळी लावू नका, बोर्डची लावा. उजवीकडून, म्हणजे संपायला सगळ्यात जवळ असलेल्या कार्डापासून सुरुवात करा आणि एकच विचारा : हे पुढच्या रकान्यात जायला काय हवं? सहाच कार्डं असल्याने दहा मिनिटं पुरतात. तांत्रिक चर्चा सुरू झाली की संबंधित दोघांनी नंतर थांबायचं, बाकीच्यांनी जागेवर जायचं. बोर्ड रोज वेगळ्या माणसाने चालवावा. आणि तुम्ही बोर्डच्या शेजारी उभे राहू नका, मागे उभे राहा. लोक कुणाकडे बघून बोलतात ते एवढ्याने बदलतं.

रेट्रोमधल्या शांततेचं कारण तुम्हाला आवडणार नाही कदाचित. अप्रेझलच्या वेळी तुमचं मत विचारलं जातं ना? मग ज्याच्या मतावर पगारवाढ ठरते, त्याच्यासमोर त्यानेच चालवलेल्या बैठकीत 'आपलं काय चुकतंय' हे कोण सांगणार? त्यातून तुम्हाला सगळे 'सर' म्हणत असतील. पुढचे तीन रेट्रो दुसऱ्या टीमच्या कुणाला तरी चालवायला सांगा आणि त्यांची रेट्रो तुम्ही चालवा. पैशाचा खर्च शून्य. वेगळा स्क्रम मास्टर मागण्यामागे तुमच्या मनात असलेली गरज खरं तर हीच असावी. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीचं काय झालं त्याला द्या. मग दहा मिनिटं सगळ्यांनी न बोलता चिठ्ठ्यांवर लिहायचं, चिठ्ठ्या एकत्र करून वाचायच्या, म्हणजे पहिल्यांदा बोलणाऱ्यावर दडपण येत नाही. शेवटी एकच बदल निवडायचा. दहा नव्हे, एक. त्याला माणूस आणि तारीख लावून तो पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डवर कार्ड म्हणून लावायचा, सहाच्या मर्यादेत मोजून. कार्ड नसलेला निर्णय मिनिट्सच्या मेलमध्ये जाऊन बसतो.

मॅनेजरांशी बोलताना व्हेलॉसिटी वाईट आहे, ती बंद करा, असं म्हणू नका. त्यांनाही वर काहीतरी दाखवायचं असतं. त्यांच्या हातात दुसरे दोन आकडे द्या. एक, स्टोरी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे दिवस, सरासरीत नव्हे तर 'दहापैकी साडेआठ स्टोऱ्या इतक्या दिवसांत संपतात' अशा रूपात, कारण क्लायंटला तारीख देताना हेच कामाला येतं. दोन, पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललेल्या स्टोऱ्यांची संख्या, जी कमी व्हायला हवी. सोबत तो ३४ आणि ५२ चा हिशेब शांतपणे ठेवा : पॉइंट वाढले, स्टोऱ्या सातच. यात टीमवर आरोप येणार नाही अशी वेळ आणि शब्द निवडा, चारचौघांसमोर अजिबात नको. तरीही एक्सेल चालूच राहिलं तर राहू द्या. तुमच्या टीमने मात्र प्लॅनिंगसाठी त्याच्याकडे बघणं सोडावं. प्लॅनिंगमध्ये 'कमिटमेंट' हा शब्द वापरत असाल तर तोही सोडा. स्क्रम गाइडनेच २०११ मध्ये त्या जागी 'अंदाज' आणला.

प्रॉडक्ट ओनरचा गुरुवारचा एक तास ही दुसरी मोठी रांग आहे. शुक्रवारी पडलेला प्रश्न सहा दिवस पडून राहतो. त्यांच्याकडे जास्त वेळ मागू नका, तोच वेळ वेगळा वाटून मागा : रोज दुपारी दीड वाजता बारा मिनिटं, आठवड्याला तोच एक तास. तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्यानंतरच्या सोमवारी कॉल हमखास चुकतो, तेवढा चुकू देऊ नका. विचारण्यासारखं काही नसेल त्या दिवशी कॉल रद्द करायचा. मागणीसोबत दोन आठवड्यांच्या नोंदींतला लाल खुणांचा आकडा पाठवा, 'तुमच्या उत्तरासाठी इतक्या स्टोऱ्या मिळून इतके दिवस थांबल्या'. तक्रारीचा सूर न लावता पाठवलेल्या अशा मेलला सहसा नकार येत नाही.

या सगळ्यात कानबान आलं का? आलंच की, मर्यादा घातल्या तिथेच. स्प्रिंटही राहिला, कारण दर दोन आठवड्यांनी डेमो बघण्याची क्लायंटला सवय आहे आणि ती चांगली आहे. नाव काय द्यायचं ते द्या.

एक धोका मात्र आधी तपासा : प्रॉडक्शनमधून येणारे बग. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण विम्याच्या चालू सिस्टीमवर ते नसतील असं होत नाही. तातडीचा बग आला की दोघं-तिघं हातातलं सोडून धावतात आणि सहाची मर्यादा पहिल्याच आठवड्यात मोडते. त्यासाठी आठवड्याला एक डेव्हलपर आळीपाळीने बाजूला ठेवा, त्याला स्टोरी द्यायची नाही. बग नसतील तेव्हा त्याने ऑटोमेशन करावं. पाळीचा तक्ता आजच लावा, आणि पहिल्या आठवड्याला तुमचं स्वतःचं नाव टाका.